समिधाची ओळ

“कोनी इचारलं तर पोटात दुखत व्हतं म्हनून सांग,” कर्जतला मिनिडोअरमध्ये बसता बसता हिरामणने लेकीला बजावलं. डॉक्टरांचा रिपोर्ट त्याने पिशवीत मेथीच्या जुडीखाली दडपला होता.

पुढच्या थांब्यावर त्यांच्याच गावची, कडावची अंबूबाई चढली. हिरामणची चुलत भावजय.

“दवाखान्यात गेल्ती का गं, समिधा?”

“पोटात दुखत व्हतं असं सांगायचं हाय, काकी. बाबांनी सांगितलंय.”

गाडीत हशा पिकला. हिरामणची मान खाली गेली, तेव्हा समिधाला कळलं की आपलं पुन्हा काहीतरी चुकलं. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, याला ऑटिझम म्हणतात, तू जन्मापासून अशीच आहेस, यात तुझा काही दोष नाही. ऐकताना तिला घटकाभर हलकं वाटलं. मग एकेक जुना प्रसंग आठवू लागला. तेव्हा लोक का हसले, ते आता कुठे उमगत होतं आणि प्रत्येकाची नव्याने लाज वाटत होती.

सगळ्यात जास्त लाज अंबूबाईच्या आवणीची. पाच वर्षांपूर्वी तिच्या शेतात सगळ्या बायका भाताची रोपं लावत होत्या. ती वाकडीतिकडी रोपं समिधाला बघवेनात. तिने ती उपटून सरळ ओळीत लावायला घेतली. हिरामणने चिखलात उतरून, सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली होती.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी हिरामणच्याच शेतात आवणी होती. समिधा बांधावरून हलेना.

“मी नाय येत. माझ्यानं परत उपटलं जाईल.”

“चल गं,” हिरामण एवढंच म्हणाला आणि कोपऱ्यातल्या खाचरात तिच्या शेजारी वाकला.

“भावजी, लेकीला आवरा हां!” अंबूबाई लांबून ओरडली. बायका हसल्या. समिधाने मान वर केली नाही.

ऑटिझम हा शब्द हिरामणच्या तोंडून काही निघेना. त्याने लेकीची सुतासारखी ओळ पाहिली, मग स्वतःची पाहिली. वाकून त्याने आपलीच रोपं उपटली. बायकांचं हसणं थांबलं. त्याने तिच्या ओळीला धरून पहिलं रोप खोचलं.

“आता नीट हाय का गं?”

समिधाने निरखून पाहिलं.

“थोडं डावीकडं, बाबा.”

हिरामणने रोप डावीकडे सरकवलं.