आगीपुढं तीनदा घेतलेलं नाव

ये, बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडकाय. ह्या पेटीवर बस. चार दिवस झाले, तुम्ही सिनेमावाले गावात फिरताय, जुरेमावर सिनेमा काढताय, आणि दिसेल त्याला विचारताय की त्या सांजांवच्या, म्हणजे संत जुआंवच्या सणाच्या, संध्याकाळी झालं तरी काय. प्रत्येकानं आपलं आपलं सांगितलं असणार. आता माझं ऐक. मी तिथं नुसता बघ्या नव्हतो, पोरी. निखाऱ्यांच्या एका बाजूला ती होती आणि दुसऱ्या बाजूला मी. सगळं सांगतो, पण मधेमधे टोकू नकोस. टोकलं की माझं टाळकं फिरतं.

तर जेनेझियो, जुरेमाचा बाप, माझा कुंपार, म्हणजे मानलेला भाऊ. रक्ताचा नव्हे, आगीचा. आम्ही बारा वर्षांचे असताना सांजांवच्या आगटीतले निखारे बाजूला ओढले, त्यावरून एकमेकाचा हात धरला, तीन फेऱ्या मारल्या, दर फेरीला एकमेकाचं नाव घेऊन संतांना साक्षीला बोलावलं. झालो भाऊ. रक्ताच्या भावाशी माणूस कोर्टात भांडतो. आगीच्या भावाशी भांडायची सोय नाही.

आणि जेनेझियो ह्या बाबतीत भलता कडक. बाकी साधा बकऱ्यांचा माणूस, पण गावची आगटी रचावी तर त्यानंच. कुणी वेलीचं, अशुभ लाकूड टाकलं तर हात घालून बाहेर काढणार. म्हणणार, "पाद्रीबाबा प्रार्थनेत चुकला तर देव समजून घेतो. आग समजून घेत नाही." ओझेयास नावाचा एक होता, त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि मक्याच्या पामोन्या आल्या म्हणून हात सोडून खायला पळाला. त्याच वर्षी त्याची विहीर आटली. ही गोष्ट जेनेझियो दरसाल सांगतो. ओझेयास स्वतः समोर बसलेला असतो, तरी सांगतो.

आता पोर. जन्मली तेव्हा सुईण म्हणाली मुलगा, आम्हीही तसंच धरून चाललो. नाव ठेवलं ते मुलाचं. ते तुला सांगणार नाही, विचारू नकोस. चौदाव्या वर्षी तिनं आईला, क्लेओनीला, सांगितलं, "आई, मी मुलगी आहे. माझं नाव जुरेमा." क्लेओनी भांडी घासत होती. म्हणाली, "बरं. मग ते पातेलं पूस." पातेलं पुसून झालं तेव्हा दोघी रडत होत्या म्हणे.

मी काही संत नव्हतो हां. मी हसलो होतो. म्हणलं, "अगं, काटेरी झुडपाचं नाव घेतलंस? गुलाब, जाई सगळ्या मेल्या होत्या काय?"

तर म्हणाली, "काका, गुलाबाला रोज पाणी लागतं. जुरेमा सात महिने पाण्यावाचून उभी राहते."

त्या दिवसापासून मीही जुरेमाच म्हणायला लागलो.

पण बाप. तुझ्या त्या सिनेमाच्या कागदांत बाप ओरडतो, ताट फेकतो, असं लिहिलंयस म्हणे. खोटंय ते. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही, जेवायला वाढलेलं कमी केलं नाही. फक्त हाक मारायची बंद केली. जुनं नाव घेईना, नवं घेईना. "ए, बकऱ्या सोड." "ऐकलं का, पाणी आण." दोन वर्षं! कुत्र्याला नाव होतं त्या घरात, पोरीला नव्हतं.

सांजांवच्या आठवडाभर आधी मी इथंच बसून ढोलाचं कातडं ताणत होतो. ती आली आणि दारात उभी राहिली.

"काका, यंदा मला आगीवरून धर्मलेक करून घ्या."

"बापाला विचारलंस?"

"बापाला विचारून आगीपाशी कोण जातं? तुम्ही दोघं गेला होतात का विचारून?"

"तोंड बघ हिचं! आणि माझ्यासारखा म्हातारा धर्मबाप घेऊन करशील काय? माझ्याकडं द्यायला एक गाढव आहे, तेही आंधळं."

हसली नाही. म्हणाली, "आगीपुढं तीनदा नाव घ्यावं लागतं, सगळ्यांच्या देखत. तिथं घेतलेलं नाव कुणाला मागं घेता येत नाही. बाबांनाच मान्य आहे ते. एकदा तिथं जुरेमा झाले, की घरात 'ए' म्हणायला त्यांना जड जाईल." मग खाली बघत म्हणाली, "नाहीच झालं, तर पेट्रोलिना शहरात मावशीकडं जाते. पिशवी भरलीय."

आता तूच सांग, मी काय म्हणणार होतो? म्हणलं, "बरं. पण मला ते हात धरून फिरणं आता नीट जमायचं नाही, पडलो तर उचल." तेव्हा कुठं हसली.

सांजांव आला. देवळाची सहाची घंटा झाली आणि जेनेझियोनं आगटी पेटवली. क्लेओनीनं पोरीला फुलाफुलांचा झगा शिवला होता, वेणीत फिती. सगळं गाव जमलेलं, अकॉर्डियन वाजतंय, आल्याची गरम दारू फिरतेय. मी दोन पेले घेतले. खरं सांगायचं तर चार.

निखारे ओढले. तिनं हात पुढं केला, मी धरला. गार होता, एवढ्या जाळाजवळ गार. जेनेझियो आमच्याकडं पाठ करून, काठीनं लाकडं सारखी करत उभा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण गावात कुणाला काय सांगावं लागतं?

पहिली फेरी. मी मोठ्यानं म्हणलं, "संत जुआंव ऐकतोय, संत पेद्रू ऐकतोय, आजपासून ही जुरेमा माझी धर्मलेक." तिनंही तिचं म्हणलं, आवाज फाटका. दुसरी फेरी. पुन्हा जुरेमा. क्लेओनी तोंडाला रुमाल लावून उभी. जेनेझियोची पाठ तशीच.

तिसऱ्या फेरीला माझ्या तोंडून जुनं नाव गेलं.

अकॉर्डियन थांबलं. कुणीतरी मागं फस्सकन हसलं. आणि तेवढ्यात आगटीपलीकडून आवाज आला, असा, की बकऱ्या गोठ्यात उठून उभ्या राहिल्या असतील.

"बेलार्मिनो! अरे गाढवा!"

जेनेझियो काठी घेऊन धावत आला. मला वाटलं, आता डोक्यात घालतोय.

"तिसऱ्या फेरीला नाव चुकतोस? अक्कल गहाण ठेवलीस काय? अर्धवट राहिलं तर तुझं काय जातंय, माझ्या पोरीला जन्मभर भोगावं लागेल! जुरेमा! जुरेमा म्हणायचं! आता पहिल्यापासून घे. हात सोडू नका. तू, तो हसणारा, चूप! चला, एक!"

आणि तो फेऱ्या मोजायला लागला. एक. दोन. तीन. दर फेरीला माझ्याबरोबर ओठ हलवत होता, मी पुन्हा चुकू नये म्हणून. तिसरी झाली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो, किती वेळा बोललो. कान लाल झाले. इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "मका करपतोय तिकडं," आणि निघून गेला. मका अजून भाजायला घातलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणापलीकडं होतो. जेनेझियो अंगणात. खाकरला, थुंकला, पुन्हा खाकरला. मग म्हणाला, "जुरेमा, बकऱ्या सोड." ती आतच होती, ऐकलं होतं तिनं. पण येईना बाहेर, अवदसा! त्याला पुन्हा हाक मारायला लावली. आणि पुन्हा एकदा. मग आली, जसं काही आत्ताच ऐकलं.

भरलेली पिशवी तिनं रिकामी केली, ते क्लेओनीनं सांगितलं मला.

तर गाव म्हणतं, बेलार्मिनो म्हणजे कोल्हा. जेनेझियोला आगीचं चुकलेलं सोसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून मुद्दाम चुकला. जुरेमाही तेच म्हणते. त्या रात्रीच माझ्या हाताचं चुंबन घेऊन म्हणाली, "आशीर्वाद द्या, धर्मबाबा. मुद्दाम चुकलात ना?" मी म्हणलं, "मग काय! तुला काय वाटलं?"

मुद्दाम नव्हतं गं, पोरी.

माझी जीभ घसरली. चौदा वर्षांची सवय आणि ते चार पेले. नाव तोंडातून गेलं आणि माझ्या हातातला तिचा हात एकदम सैल पडला. मेल्या माशासारखा. बाप ओरडेपर्यंत किती वेळ गेला असेल? एक श्वास, दोन श्वास. तेवढा वेळ त्या पोरीला जगात कुणी नव्हतं, आणि ते मी केलं होतं. लोक कौतुक करतात तेव्हा मी मिशीत हसतो. पण तो हात मला आठवतो.

हे कुणालाच सांगितलेलं नाही, क्लेओनीला नाही, कुंपाराला नाही. तुला सांगितलं, कारण उद्या जुरेमा तुझे कागद वाचायला येणार आहे, आणि सिनेमात माझं काम करणारा तो नट मला विचारत होता, तिसऱ्या फेरीला चेहरा कसा ठेवू.

तर माझं एवढं ऐक. तिसऱ्या फेरीच्या आधी त्या नटाला क्लेओनीकडं बघून एक डोळा मिचकावायला सांग. अगदी बारीक. तेवढं कर माझ्यासाठी.