संध्याकाळची पाळी

दमयंतीने पगाराच्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला आणि कॉम्प्युटरला लावला. शेजारी मुंबईहून आलेलं, त्याची मेमरी वाढवणारं नवं कपाट उभं होतं. नव्यानेच बदलून आलेले रविकांत साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"बाई, आता ह्ये लई पळनार म्हनं," कपाट पुसत बन्सी शिपाई म्हणाला. "मंग सांजच्याला थांबायला नगं. घरी जायचं."

दमयंतीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती. लोकांनी नावं ठेवली, त्याचंही तिला काही वाटलं नाही. फक्त दिवेलागणीला, त्याची सायकल दारात यायची त्या वेळेला, तिला घरात बसवत नव्हतं. म्हणून तिने ही संध्याकाळची पाळी मागून घेतली होती. आणि नव्या मेमरीमुळे कामं लवकर उरकली तर ही पाळीच बंद करायची, असं साहेबांनी कालच सांगून टाकलं होतं.

कार्डं खडखडत आत गेली. पगाराचे आकडे छापून आले.

"पूर्वीइतकाच वेळ!" साहेब वैतागले. "मग एवढी मेमरी कशाला आणली?"

"कार्डं आत जायला लागायचा तेवढा वेळ लागणारच, साहेब," नृसिंह म्हणाला. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम तोच लिहायचा.

"म्हणजे पाळी चालूच ठेवायची?"

"ठेवावी लागेल."

पगाराचं काम जुन्या मेमरीतही सहज मावायचं. मावत नसे ते दुष्काळाचं काम. पारनेर, पाथर्डी, साऱ्या नगर जिल्ह्याच्या पावसाच्या नोंदी. त्यांची कार्डं दोनदा घालावी लागत, आता एकदाच पुरणार होती. तो गठ्ठा साहेबांना दिसू नये म्हणून नृसिंहाने सकाळीच खुर्चीमागे सरकवून ठेवला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आपल्याला बरं वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. पण वाटलं काहीच नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने पावसाची कार्डं लावली. एरवी नऊ वाजायचे. आज सातलाच कागद छापून बाहेर आला. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

बन्सी किल्ल्या घेऊन दारात आला.

"यंत्र थांबलं जनू. झालं का बाई? कुलूप लावू?"

"नाही रे," ती म्हणाली. "निम्मंच झालंय."

तिने छापलेला कागद घडी करून खणात ठेवला, कार्डं गोळा केली, टेबलावर ठोकून सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.