झाकणाखालचा आकडा

सरांनी चहात बिस्कीट बुडवलं. अर्धं कपात पडलं. ते बोटानं काढून त्यांनी चाटलं आणि त्याच बोटानं संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यावर टिचकी मारली.

"दोन पूर्णांक चार! कर सही. संध्याकाळी लेख धाडायचाय. पहिलं नाव तुझं, आणि त्यावर तुझी कायमची नेमणूक."

आकड्यावर ओलसर ठसा उमटला. त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी ती पेन न उघडताच उभी राहिली.

स्फटिकातून प्रकाशकणांच्या जोड्या निघत. एक कण इमारतीच्या या टोकाला मोजायचा, जोडीदार त्या टोकाला, आणि दोघांची उत्तरं किती जुळतात ते पाहायचं. कण निघतानाच उत्तरं ठरवून आले असतील, तर जुळणीचा आकडा दोनच्या वर जाऊच शकत नाही. गेला, तर 'आधीच ठरलेलं होतं' हे सोपं स्पष्टीकरण संपलं. तिचा आकडा सहा महिने एक पूर्णांक नऊवर अडून होता. मग सरांनी मोजणीची 'सफाई' केली.

शुक्रवारी दोन पूर्णांक चार पाहून तीही हरखली होती. आईला फोनसुद्धा केला होता. आता त्याचीच तिला त्या ठशाहून जास्त किळस येत होती, कारण फोन ठेवल्यावर तिने सफाईचा प्रोग्रॅम उघडून वाचला. तो दोन्ही टोकांची उत्तरं शेजारी मांडून, हवी तशी न जुळणारी जोडी 'गोंगाट' म्हणून फेकून देत होता. पेपर तपासून झाल्यावर नापासांना गैरहजर दाखवावं, तसं.

"सर, ही शनिवार-रविवारची मोजणी. तुमच्याच प्रोग्रॅमनं साफ केलेली."

"दोन पूर्णांक पाच? अगं, मग हीच घालू! दडवून काय ठेवलीस?"

दाराशी भिंगं पुसत बसलेले काचकामवाले काका खाकरले. "साहेब, दोन्ही दिवस स्फटिकावर झाकण होतं. बाईंनी सांगितलं, मी बसवलं. कण बाहेरच पडला नाही. यंत्र आपलं अंधारात उगाच टिकटिकत होतं."

सरांनी कप पुढे ओढला. मग दुसरं बिस्कीट बुडवलं.

"ती फाईल पुसून टाक. झाडलोट सगळेच करतात. केर काय पाहुण्यांना दाखवायचा?"

"केर नाही, सर. अर्धं घर फेकलंत तुम्ही."

"जास्त शहाणपणा नको. सही नसेल, तर नेमणूक विसर."

तिने पेन उघडलं, पहिल्या जागचं आपलं नाव खोडलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. "आणि फाईल पुसून भागणार नाही. छापील पानक्रमांकांच्या वहीत शाईनं लिहिलंय. झाकणासकट."

सरांचं बिस्कीट पुन्हा कपात पडलं. या वेळी त्यांनी बोट घातलं नाही.

महिनाअखेरपर्यंत यंत्र तिच्या ताब्यात होतं. काकांनी भिंगाचं कोरं फडकं पुढे केलं. तिने पडद्यावरच्या चिकट ठशाकडे पाहिलं. मग फडकं तिथे न वापरता ती स्फटिकाकडे गेली, झाकण काढलं आणि नव्या मोजणीसाठी त्याच्यापुढचं भिंग पुसायला घेतलं.