काचेतले पोहे

आरशासमोर उभे राहून रामभाऊ तिसऱ्यांदा म्हणाले, "बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ. आणि लोणी तर असं..."

पुढचं त्यांना आठवेना. त्यांनी फोनवरचा व्हिडिओ पुन्हा मागे नेला. व्हिडिओतली मुलगी क्रोसाँचा तुकडा मोडून समाधानाने डोळे मिटत होती. रामभाऊंनीही आरशात डोळे मिटून पाहिले आणि मग आपण कसे दिसतो ते दिसेना म्हणून उघडले.

"अहो, काय चाललंय?" कांताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "बी.एस्सी.च्या व्हायव्हाला एवढी तयारी केली असती ना, तर फर्स्ट क्लास आला असता."

"चार वाजता एल्डन येणार. काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांगा."

"खरं सांगायची वेळ गेली, कांता. पॅरिसलाच गेली."

एल्डन म्हणजे शेजारच्या पांढऱ्या घरातले ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठाची बस चालवली, आणि रामभाऊ तिथल्याच प्रयोगशाळेत कामाला होते. ओळख त्या बसमधली, शेजार नंतरचा. एल्डनची बायको लोइस हिने कांताबाईंना बर्फात गाडी चालवायला शिकवलं होतं. चौदा एप्रिलच्या जेवणाला दोघं दरवर्षी न चुकता यायची आणि लोइस पुऱ्या मोजायची नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतरही एल्डन एप्रिलमध्ये आले, पण लवकर उठून गेले.

दोघांना युरोपला जायचं होतं. चाळीस वर्षं ते "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले. आधी मुलांची कॉलेजं, मग घराचं छप्पर, मग लोइसचे गुडघे. या चाळीस वर्षांत लोइसने केली ती एक यादी. एल्डनच्या फ्रिजवर ती निळ्या शाईतली यादी अजून होती. तिच्यात मनोरा नव्हता, राजवाडा नव्हता, नुसती रोजची कामं होती. पॅरिसमध्ये सकाळी पाव घ्यायचा आणि चालता चालता त्याचं टोक मोडून खायचं. क्रोसाँ खायचा, तोही उभ्याने, बेकरीतच. एका कप कॉफीवर तासभर बसायचं आणि कुणी उठवत नाही ते बघायचं. ट्राममध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. रविवारच्या बाजारात पीच हुंगून घ्यायचं. तिथल्याच एखाद्या म्हाताऱ्या माणसाला रस्ता विचारायचा.

जूनमध्ये रामभाऊ आणि कांताबाई युरोपला निघाले, तेव्हा एल्डननी यादीची झेरॉक्स आणून दिली होती.

"जमलं तर आमच्यातर्फे करा," ते म्हणाले होते. "आणि फोटो पाठव."

रामभाऊंनी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. ते म्हणतेवेळी अगदी मनापासून म्हटलं.

पण सहल ठरवली होती कांताबाईंच्या बहिणीने, सुहासिनीने, आणि ठरवली होती नागपूरहून. अकरा दिवसांत सात देश. बसच्या पोटात गॅसची शेगडी, पातेली, मसाल्याचे डबे आणि खास सोबत आणलेला आचारी. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, रात्री पिठलं आणि वर ठेचा. मंडळी खूश होती. कांताबाई तर म्हणाल्या, एवढं आयतं मला माहेरीसुद्धा मिळालं नाही. आणि प्रत्येक गावात उतरताना टूर मॅनेजर शिट्टी वाजवून सांगायचा, "वीस मिनिटं हं, मंडळी!"

वीस मिनिटांत एका कप कॉफीवर तासभर कसं बसणार? पॅरिसला रामभाऊ बेकरीच्या रांगेत उभे राहिले खरे, पण पुढे सहा माणसं असतानाच शिट्टी झाली. मग त्यांनी काचेतूनच पावांचा फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, फर्स्ट क्लास.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "लोइस खूश झाली असती."

त्या एका वाक्याने घात केला. त्यानंतर प्रत्येक फोटो पाठवणं भाग पडलं. दुसऱ्याच कुणाच्या हातातला क्रोसाँ. शेजारच्या टेबलावरची कुणाची तरी कॉफी. बसच्या खिडकीतून दिसलेली ट्राम. दुसऱ्याच बाईच्या टोपलीतले पीच. एक थाप पचली की दुसरी जड जात नाही म्हणतात. रामभाऊंना मात्र प्रत्येक जड गेली, आणि तरी ते मारत राहिले.

बरोबर चार वाजता बेल वाजली.

एल्डननी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. एका हातात लोइसची मूळ यादी होती आणि दुसऱ्या हातात फोटो छापून मिळतात त्या दुकानाचं जाड पाकीट. त्यांनी सहाही फोटो टेबलावर ओळीने मांडले. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण होती.

"हं, रॅम," ते खुर्चीत मागे टेकून म्हणाले. "क्रोसाँपासून सुरू कर. अगदी सावकाश सांग."

"बाहेरून खुसखुशीत," रामभाऊंनी सुरुवात केली. मग त्यांची नजर यादीवर गेली. लोइसचं अक्षर थोडं डावीकडे झुकलेलं होतं. बाजाराच्या यादीतही ती असंच लिहायची.

"एल्डन, मी तो खाल्ला नाही," ते म्हणाले.

आणि एकदा पितळ उघडं पडलंच आहे म्हटल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. शिट्टी, वीस मिनिटं, दुसऱ्याची कॉफी, बाईची टोपली, सगळं. मान वर न करता सांगितलं. कांताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

एल्डननी पाकिटातून वहीच्या पानाएवढा एक फोटो काढून रामभाऊंपुढे सरकवला. पॅरिसच्या बेकरीचाच होता, मोठा केलेला. काचेआड पाव होते, आणि पावांवर, काचेत, स्वतः रामभाऊ स्वच्छ दिसत होते. एका हातात फोन. दुसऱ्या हातात कागदी बशी.

"हे पिवळं काय आहे, तेवढंच मला कळलं नाही," एल्डन म्हणाले.

"पोहे," कांताबाई म्हणाल्या.

"पोहे," एल्डननी जपून म्हणून पाहिलं, आणि मग ते हसायला लागले. चष्मा काढावा लागेपर्यंत हसले. रामभाऊंना आपण हसावं की नाही हे कळेना.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? रागावला नाहीत?"

"आधी माहीत नव्हतं. तू फोटो पाठवायचास, मी खूण करायचो. सहावी खूण केली त्या रात्री मला जेवण गेलं नाही." एल्डननी चष्मा पुसला. "यादी संपली होती, रॅम. तिचं सगळं तुम्ही करून टाकलंत, मला काही उरलंच नाही असं वाटलं. दुसऱ्या दिवशी हा फोटो फ्रेम करायला म्हणून मोठा करायला गेलो. आणि त्यात ही बशी! काउंटरवर उभा राहून असा हसलो, तिथल्या बाईला वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी झालं."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, उलटी धरली आणि मागच्या रबराने पहिली खूण खोडली. मग दुसरी. खोडून झालं की ते कागदावर हलकेच फुंकर मारत. इतक्या आनंदाने चुका खोडणारा माणूस रामभाऊंनी आजवर पाहिला नव्हता.

"शेवटची नका खोडू," ते घाईने म्हणाले. "ती खरी आहे. व्हिएन्नाला मला टॉयलेट सापडेना. एका आजीबाईंना विचारलं. त्या काठी टेकत स्वतः दारापर्यंत आल्या आणि मी बाहेर येईपर्यंत माझा डबा धरून उभ्या राहिल्या."

"डब्यात काय होतं?"

"पिठलं."

एल्डननी पेन्सिल बाजूला ठेवली. "ही तुझी," ते म्हणाले. "पाकिटात अजून आहे बघ."

रामभाऊंनी पाकीट टेबलावर उपडं केलं. दोन चौकोनी फोटो पडले, दोन्ही एकसारखे. पांढऱ्या भिंतीपुढे टाय लावलेले एल्डन सरळ समोर बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, पण गाल काही ऐकत नव्हते.

"पासपोर्टचे?"

"आयुष्यातला पहिला. त्याच दिवशी काढले. हसू आवरेना, बाईला तीनदा काढावा लागला." मग त्यांनी बस ड्रायव्हरच्या आवाजात विचारलं, "तुमच्या त्या बसमध्ये पुढची सीट मिळते का?"

"बसचं सोडा हो," रामभाऊ म्हणाले. "आपण दोघं ट्रामने जाऊ. शेवटच्या थांब्यापर्यंत."

"ट्रामने जाऊच. पण जेवायला बस हवी."

कांताबाईंनी तोवर कढई ठेवली होती. मोहरी तडतडली, कढीपत्त्याचा वास बाहेर आला. थोड्या वेळाने त्यांनी बशी आणून ठेवली, वर लिंबाची फोड. एल्डननी बशी उचलून फोटोशेजारी धरली, दोन्हीकडे नीट पाहिलं आणि पटल्यासारखी मान हलवली. मग दोनदा मागून घेऊन खाल्लं.

निघताना ते दारातून परत फिरले. लोइसची यादी त्यांच्या हातात होती.

"कांता, एक मॅग्नेट दे. ही तुमच्या फ्रिजवर राहू दे."

"अहो, पण ही तुमची..."

"माझ्या फ्रिजवर राहिली," एल्डन म्हणाले, "की मी पुन्हा पुढच्या वर्षी म्हणेन."

कांताबाईंनी फ्रिजवरचं विजेचं बिल काढलं आणि तिथे यादी लावली. नागपुरात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी रामभाऊ तोवर सुहासिनीला फोन लावत होते.