मागच्या दिव्यांची वायर

तिने बटण दाबून धरलेलंच होतं, तरी दोर ओढणारा विंच थांबला. आधी त्याचा आवाज घोगरा झाला, मग एक आचका, आणि मग काहीच नाही. छापखान्याची बंद पडलेली व्हॅन ट्रेलरच्या लोखंडी फळ्यांवर अर्धवट चढून राहिली होती. तिला धरून होता तो फक्त बोटभर जाडीचा पोलादी दोर. मागे उताराचा रस्ता, खालच्या वळणाला कठडा नाही, आणि व्हॅनमध्ये स्टिअरिंग धरून तिचा नवरा.

"अगं, सोडलंस का बटण?"

"नाही हो. दाबलंय मी. तोच बंद पडला."

दोर करकरला आणि व्हॅन वीतभर मागे सरकली. एखादा दगड तरी चाकामागे लावावा म्हणून ती धावत निघाली.

"मागे नाही!" तो आतून ओरडला. "काहीही झालं तरी मागे जायचं नाही. फळीवर दगड टिकत नाही. मी ब्रेक दाबून धरलाय, तू पुढे जा."

ती जागच्या जागी थिजली. इंजिन बंद असलं की ब्रेक दाबायला सगळा जोर लावावा लागतो आणि या व्हॅनचा हातब्रेक नावालाच आहे, हे त्यानेच मघाशी सांगितलं होतं. एरवी आत मदतनीस बसायचा आणि बटण हा धरायचा. मदतनीस तापाने फणफणला, तेव्हा याला बायको आठवली. 'तुला काय, नुसतं बटण दाबायचंय' म्हणून मोठ्या कौतुकाने घेऊन आला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फिरायला नेतो म्हणाला नव्हता कधी.

"रिकामी आहे म्हणाला होता मेला," त्याचा आवाज आला. व्हॅनचा मालक दुसऱ्याच्या गाडीत बसून केव्हाच पसार झाला होता. "मागे छतापर्यंत कागद भरलाय. बॅटरीच्या पेटीवरचा काटा बघ, कुठे आहे?"

पेटी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला होती. तिने झाकण उघडलं. "लाल पट्ट्यात. पार तळाला."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! जीप चालू कर. जीपवरूनच भरते ती."

ट्रेलर ओढणारी जीप तिने आजवर मोकळ्या मैदानात चालवली होती, तीसुद्धा रडतखडत. किल्ली फिरवली, पण पहिल्यांदा इंजिन सुरूच झालं नाही. मग झालं. तिने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. बाजूच्या आरशात व्हॅनची काच दिसत होती, काचेमागे स्टिअरिंगवरची त्याची बोटं, बाकी काही नाही. तो आहे की नाही याची खूण म्हणून ती त्या बोटांकडे बघत राहिली. मग उतरून पेटीकडे धावली. काटा होता तिथेच होता.

"हलत नाही हो!"

व्हॅनचा पत्रा बारीक थरथरत होता. त्याचा पाय भरून आला असणार, हे तिला कळलं.

"दिवे लाव," तो शेवटी म्हणाला.

"आत्ता? उजेड आहे की."

"लाव गं बाई! चार्जिंगची वायर जळली होती, तेव्हा मी ट्रेलरच्या मागच्या दिव्यांच्या वायरीवरून लाईन घेतली. दिवे लागले तरच बॅटरी भरते."

तिने दिवे लावले. पेटीतला काटा म्हातारं माणूस जिना चढतं तसा थांबत थांबत वर यायला लागला. तिने जीपमध्ये बसून पाय दाबायचा, उतरून बटण धरायचं, व्हॅन हातभर ओढली जायची, विंच दमायचा, की पुन्हा जीपमध्ये. दर वेळी दोर ताणला की ती श्वास रोखायची.

तशाच एका खेपेला तिच्या डोक्यात ते आलं. कामाचे फोन घरी तीच घेत असे. रात्रीअपरात्री कुठे कोणाची गाडी बंद पडली की याला उठवून तीच पाठवत असे.

"या आठवड्यात रात्रीची तीन कामं झाली ना?" ती मोठ्याने म्हणाली. "मग दिवे लागले असतील. ही बॅटरी उतरली कशी?"

"तू बटण दाब."

तिने दाबलं. डोळ्यांत पाणी होतं, पण बटण सोडलं नाही.

व्हॅन वर आली, चाकं साखळ्यांनी आवळली गेली, तेव्हा कुठे तो खाली उतरला. पाय टेकला आणि गुडघ्यातच वाकला. ती धावली. दोघं रस्त्याच्या कडेला बसली, एकमेकांना धरून. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"कुठे जात होतात रात्रीचे?" तिने विचारलं. रागवायचं ठरवलं होतं, पण आवाज भ्यायलेलाच निघाला.

"पेट्रोल पंपावर थांबतो. उजाडलं की मग कामाला जातो. गिऱ्हाइकाला सांगतो, माझीच गाडी बिघडली." तो पाय चोळत होता. "रात्री दिसत नाही गं मला."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"घाबरली असतीस."

"आज काय मी फुगडी घालत होते?"

तो हसला, आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने तो जीपला हात लावत लावत पुढे गेला. ड्रायव्हरचं दार सोडून बाजूचं दार उघडलं आणि आत बसला. ती बाहेरच उभी राहिली. मागे ट्रेलर, त्यावर ती कागदाने भरलेली व्हॅन, आणि पुढे सगळा घाट. तिला वाटलं, तो म्हणेल, गंमत केली, सरक. त्याने आपल्या बाजूचं दार ओढून घेतलं. मग ती स्टिअरिंगमागे बसली आणि सीट पुढे ओढून घेतली.

"मी सांगेन तसं घे," तो म्हणाला. "घाई नाही करायची. पण आता निघ. काळोख पडलाय."

तिने समोर पाहिलं. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. वरच्या वळणापर्यंतचा रस्ता, त्यावरची पांढरी रेघ, कडेचा एकेक दगड तिला लख्ख दिसत होता.

"हो," ती म्हणाली. "पडलाय खरा."

आणि तिने हातब्रेक सोडला.