डोरीनचा तीन मिनिटांचा मेसेज

परदेशात कॅसल हिलच्या आसपास स्थायिक झालेल्या वसईकरांत डोरीनचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. महिन्यातून एकदा चर्चमध्ये मराठी मिस्सा असे, आणि ती आटोपली की सरकारी कागदांतलं इंग्रजी म्हाताऱ्यांना सोपं करून सांगायचं काम तिचं. पेन्शनचा फॉर्म असो की लशीची तारीख, तिचा व्हॉइस मेसेज आला की ही मंडळी पोटच्या पोरांनाही विचारत नसत.

२०२३ मध्ये रेफरेंडम, म्हणजे सार्वमत, आलं. गोऱ्यांच्या आधीपासून इथं राहणाऱ्या मूळ लोकांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं एक मंडळ घटनेत असावं का, येस की नो? प्रश्न एवढाच. पण टीव्हीवर दोन माणसं भांडायची, तिसरा हसून वेळ संपली म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात नुसती धाकधूक.

मतदानाच्या आधीच्या सोमवारी डोरीन कामावर निघाली होती. गाडीतल्या रेडिओवर कुणा श्रोत्याचा फोन लागला. "उद्या हे लोक तुमचं बॅकयार्डही मागतील," तो म्हणाला. निवेदकानं त्याचे आभार मानले आणि जाहिराती लावल्या.

डोरीननं रेडिओ बंद केला. वसईला तिच्या वडिलांची केळीची वाडी रस्त्यात गेली होती, आणि त्या धक्क्यानं ते पुढे दोन वर्षंही जगले नाहीत. पार्किंगमध्ये बसूनच तिनं ग्रुपवर तीन मिनिटांचा मेसेज टाकला. रेडिओवरचं अर्ध्या मिनिटात आटोपलं, उरलेली अडीच मिनिटं वाडीची. शेवटी तिला रडूच फुटलं. "नो लिहा, म्हणजे आपली घरं राहतील." खरंखोटं कुणाला तरी विचारावं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

विचारलं ते बुधवारी, लॅबमध्ये. शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं रक्ताच्या नमुन्यांना लेबलं लावणारी ब्रेंडा त्या मूळ लोकांपैकीच. चहा घेताना डोरीननं सहजच काढल्यासारखा विषय काढला.

"बॅकयार्ड?" ब्रेंडाला हसू आलं. "अगं मेट, आम्ही फक्त सल्ला देणार. ऐकायचं की नाही ते पार्लमेंटच ठरवणार. तुम्हाला हे सांगतं तरी कोण?"

"कुणीतरी," डोरीन म्हणाली. कुणीतरी! तोंड वर करून म्हणाली.

घरी येऊन तिनं दुरुस्तीचा मेसेज तीनदा रेकॉर्ड केला आणि तीनदा पुसला. एकशेचाळीस माणसांपुढे मी चुकले म्हणायचं? मग पुढे लशीचं तरी कोण ऐकेल? असल्या सबबींवर गुरुवार गेला, शुक्रवारही गेला. खरं कारण एकच होतं, तिला लाज वाटत होती.

शनिवारी शाळेच्या हॉलबाहेर मतदानाची रांग होती, मतदारांसाठी बाहेर भाजत असलेल्या सॉसेजचा वास सुटला होता. तिच्या पुढेच एडवर्ड अंकल, तिच्या वडिलांचे दोस्त, ब्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत उभे. आता मात्र तिला राहवेना.

"अंकल, तो माझा मेसेज चुकीचा होता. घरंबिरं कोणी घेत नाही. मी चौकशी न करताच बोलले."

अंकलनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग आवाज खाली आणला. "कामावर कोणी दम दिला का गं बाय तुला?"

"नाही हो. खरंच मी खोटं सांगितलं."

"तू? चार वेळा ऐकलाय मी तो मेसेज. असं रडणं खोटं असतं होय?"

रडणं खोटं नव्हतं. वडिलांसाठीचं खरं रडू तिनं भलत्याच गोष्टीला जोडलं होतं, आणि आता दोन्ही वेगळं करून दाखवायचं कसं, हे तिला कळेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

"घाबरू नकोस. आम्ही सगळे आहोत ना तुझ्या पाठीशी," अंकल म्हणाले, तिचा हात थोपटला आणि आत गेले.

ते बाहेर आले तेव्हा ती अजून दारातच होती. अंकलच्या चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान होतं.

"नो लिहून आलो," ते म्हणाले. "तुझ्या बापाच्या नावानं."