मागच्या सीटांचा फोम

शाळेच्या बसचा ड्रायव्हर मुलांमध्ये हॉर्नकाका म्हणून ओळखला जायचा. बसचा खरा हॉर्न कधीचाच बिघडला होता आणि तो दुरुस्त करावा असं कुणाला वाटलंही नव्हतं. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून एक हाक दिली की पुढचा रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. माणूस मनाने मऊ होता, पण त्यांचा आवाज ऐकून नवीन मुलं रडायची.

त्या वर्षी काकांच्या डोक्याला एक भुंगा लागला होता. कुणीतरी बसच्या सीटा फाडत होतं. नुसतं ओरबाडणं नव्हे. रेक्झिनला ब्लेडने सरळ चीर द्यायची, हात घालून आतला पिवळा फोम उपसायचा आणि चीर पुन्हा जुळवून ठेवायची. वरून काही कळायचं नाही. बसलं की खालची पट्टी टोचायची.

काकांनी दाभण आणि जाड पांढरा दोरा घेऊन सगळ्या चिरा शिवून काढल्या. आठवडा जातो न जातो तोच त्या पुन्हा उसवल्या. त्यांचा संशय अर्थातच मोठ्या मुलांवर. त्यांनी मुलांना उचलून पुढे बसवलं आणि मागच्या सीटा मुलींना दिल्या. सीटा पोकळ होतच राहिल्या. मग मधल्या सुट्टीत बसला कुलूप लावायला सुरुवात केली. तरीही तेच.

रोज जेवताना घरात हाच विषय.

"एकदा सापडू दे तो चोर. हात मोडून हातात देईन," काका म्हणायचे.

बायको कारखान्यातून दमून आलेली असायची. ती म्हणायची, "सीट तुमची आहे का? मालकाला बघू दे की."

"मालक मलाच बोलतो ना."

त्यांची एकुलती एक मुलगी नववीत होती, त्याच बसने त्याच शाळेत जायची. ती मान खाली घालून जेवायची आणि हळूच विचारायची, "बाबा, अजून वाढू का?" काका ताट पुढे करायचे आणि विषय तिथेच संपायचा.

एके दिवशी शाळा सुटल्यावर बस पुलावर चढत होती, तेवढ्यात मागून मुली ओरडल्या, "काका, बस थांबवा. ही पडली."

काका मागे धावले. दोन सीटांच्या मध्ये त्यांची मुलगी कलंडली होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला. ओठ पांढरे पडलेले, हाकेला ओ नाही. काकांनी तिला मैत्रिणींच्या मांडीवर निजवलं आणि बस होती तशी, सगळ्या मुलांसकट, सरकारी दवाखान्याकडे वळवली. त्या रस्त्याभर त्यांच्या तोंडून एक हाक निघाली नाही.

दवाखान्यात मुलीला आत नेलं. बऱ्याच वेळाने नर्स बाहेर आली.

"आई कुठे आहे हिची?"

"कारखान्यात. दुसऱ्या पाळीला."

"तुम्ही वडील ना? मग तुम्हीच ऐका. मुलीला पाळी आलीय."

काकांना क्षणभर काही उमगलंच नाही. त्यांच्या घरात पाळी म्हणजे कारखान्याची पाळी. पहिली, दुसरी, रात्रीची. दुसरा अर्थ त्यांना ठाऊक होता, पण तो त्यांच्यासमोर कधी कुणी उच्चारला नव्हता.

"ताप त्याचा नाही," नर्स म्हणाली. "ती जे वापरत होती त्याचा आहे. कातडी सोलवटून जखमा झाल्यात, त्यात पू झालाय आणि आता ते रक्तात उतरलंय. आणखी उशीर केला असतात तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. हे कुठून आलं, तेवढं मला सांगा."

तिने हातातला ट्रे पुढे केला. ट्रेमध्ये चिंधीत गुंडाळलेला पिवळा फोम होता. धुळीने काळवंडलेला, एका कडेला हिरव्या रेक्झिनची साल चिकटलेली. आणि त्या सालीत जाड पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका तसाच होता.

काकांनी भिंतीला हात टेकला. वर्षानुवर्षं मुलांच्या बुटांचा चिखल आणि ओकाऱ्या त्या सीटांत जिरल्या होत्या. त्यांनी स्वतः फिनेलने त्या पुसल्या होत्या.

"माझ्या बसमधलं आहे," ते म्हणाले. नर्सला ऐकू आलं नाही. त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.

संध्याकाळी सलाइन लागल्यावर मुलीने डोळे उघडले. काका स्टुलावर बसले होते.

"आई तुला कापड देते ना?" त्यांनी विचारलं.

मुलगी छताकडे बघत राहिली. "घरी तेच वापरते. शाळेत बदललं तर ठेवायचं कुठे? संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही. दप्तरात ठेवलं की वर्गात वास येतो. फोम फेकून देता येतो."

"तू एकटीच?"

तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"मी रागावणार नाही."

"मागच्या सीटांवरच्या सगळ्या," ती म्हणाली. "बाकीच्या कधी कधी घरीच राहतात. मला कसं राहता येईल? बस तर तुम्हीच चालवता. शाळा का बुडवतेस म्हणून विचारलं असतंत."

"मला सांगायचं होतंस, बाळा."

"तुम्हाला हळू बोलता येतं का, बाबा?"

तेवढ्यात बायको धावत आली. कारखान्याची टोपी डोक्यावर तशीच. सगळं ऐकून ती खाटेच्या कडेला खाली बसली. "मी तिला माझ्यासारखंच कापड दिलं. माझं निभावलं, तिचंही निभावेल असं वाटलं," एवढंच ती म्हणाली. काकांना तिच्यावर चिडायचं होतं, पण त्यांनी उठून स्टूल तिच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडून काका मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं सांगितलं, इतक्या खालच्या आवाजात की बाईंना खुर्ची पुढे ओढावी लागली. ऐकता ऐकता बाईंनी चष्मा काढला. त्या उठल्या, किल्ल्या घेतल्या आणि काकांना कोठीच्या खोलीत घेऊन गेल्या.

आत भिंतीला लागून खोकी रचलेली होती. छतापर्यंत.

"पॅड आहेत," बाई म्हणाल्या.

काका बघतच राहिले. ती खोकी त्यांनी ओळखली. सहामाही परीक्षेच्या आधी त्यांनीच ती बसमधून आणली होती, खांद्यावरून उतरवली होती, इथे एकावर एक लावली होती. खोक्यांवर काय छापलंय हे वाचलंही नव्हतं. येताना बसमध्ये जागा कमी पडली म्हणून मागच्या सीटांवरच्या मुली याच खोक्यांना टेकून बसल्या होत्या. त्यांची मुलगीही.

"मग वाटली का नाहीत?"

"खोकी पाठवणाऱ्या पाहुण्यांच्या हस्ते वाटायची होती. त्यांना तारीख मिळेना. फोटो काढून पाठवल्याशिवाय खोकी फोडायची नाहीत, असं वरून सांगितलं होतं." बाईंचा आवाज चिरकला. "मी दर महिन्याला फोन करत होते हो. नुसते फोनच करत राहिले."

काकांचा नेहमीचा आवाज निघाला असता तर शाळा गोळा झाली असती. पण त्यांनी फक्त एक खोकं खाली घेतलं आणि बाईंसमोर ठेवलं. बाईंनी किल्लीच्या टोकाने चिकटपट्टी टरकावली.

"पाहुणे आले की रिकाम्या खोक्यांचा फोटो काढू," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी प्रत्येक वर्गात पाकिटं गेली. काकांनी बसमधली हत्यारं आणून मुलींच्या संडासाला कड्या ठोकल्या. पाण्याचं मात्र लगेच जमलं नाही. टाकीचा पाइपच फुटका निघाला आणि पुढचे कितीतरी दिवस मुली बादल्या भरून नेत राहिल्या. पाहुण्यांच्या कचेरीतून बाईंना कडक शब्दांत विचारणा झाली. बाईंनी काय उत्तर दिलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मुलगी बरी होऊन घरी आली ती अर्धी होऊन. बापाशी बोलेना. काका औषध द्यायचे, ती घ्यायची आणि कूस बदलायची.

एका दुपारी बायको कामाला गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "बाईंना माझं नाव सांगितलंत?"

"सांगितलं. दुसऱ्या कुणाचं नाही सांगितलं."

"म्हणजे सगळ्यांना कळलं असेल."

"कळलं असेल," काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना सुचलं नाही.

ती भिंतीचा पोपडा नखाने काढत राहिली. मग म्हणाली, "नर्सने ते तुम्हाला दाखवलं ना. किळस नाही आली?"

काका दारात उभे होते, औषधाची बाटली हातात धरून.

"नाही. भीती वाटली. अजून वाटते. रस्त्यात स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं."

मुलीने कूस बदलली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पाय आखडून घेत तिने खाटेवर जागा केली.

"उभे का?" ती म्हणाली. "बसा ना."